तीन ठोके

मेलेल्या झाडाचे पाच वर्ग असतात. हे ठरवायला शिकल्यासवरल्या माणसांना दोन वर्षं, तीन परिषदा आणि एक जाडजूड अहवाल लागला. बिरू झोरे हेच दोन मिनिटांत सांगायचा, तेही तंबाखू मळता मळता.

"ह्यो बग," कोयत्याची पाठ ओंडक्यावर आपटत तो धाकट्या बहिणीला म्हणायचा, "ह्यो 'ठण' म्हनतोय. म्हंजे आपण पडलोय हेच त्याला अजून कळलं न्हाई. त्यो पल्याडचा 'ठक' म्हनतोय, त्याची साल सुटलीया. ह्यो 'थप'. सुरी घाल, बोटभर आत जाईल. ह्यो 'भुस्स', हातानं मोड. आन ह्यो शेवटचा काय बोलतच न्हाई. त्याला आता माती म्हनायचं."

वैजयंता तेव्हा कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकत होती आणि सुट्टीला आंबेघोलच्या धनगरवाड्यावर आली होती. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. पुढं दहा वर्षांनी जंगलातल्या कुजीच्या वर्गांच्या व्याख्या ठरवायचं काम तिच्याच टेबलावर येऊन पडलं, तेव्हा तिनं तीच वही काढली. साल घट्ट, साल सुटलेली, सुरी बोटभर आत, हातानं मोडतं, आकार हरवला. त्याला आकडे जोडले, आलेख काढले, आणि वरिष्ठांनी पाठ थोपटली. आभाराच्या पानावर बिरूचं नाव होतं. तिनं ते त्याला वाचून दाखवलं.

"एवढंच?" बिरू म्हणाला. "मला वाटलं फोटूबिटू असंल."

आता कुणी म्हणेल, मेलेल्या लाकडाची एवढी उठाठेव कशाला? तर झालं असं की दोन हजार सदोतीस सालच्या वादळानं आंबेघोलच्या खोऱ्यात एका दुपारी चाळीस हजार झाडं आडवी केली. झाड जिवंतपणी हवेतला कार्बन पोटात घेतं आणि मेल्यावर, कुजता कुजता, तो परत सोडतं. सावकाश कुजलं तर शंभर वर्षं तो अडकून राहतो. भराभर कुजलं तर जंगलच चुलीसारखं धुमसायला लागतं, फक्त धूर दिसत नाही. सह्याद्रीतला पाऊस आता पूर्वीपेक्षा ऊबदार झाला होता, आणि या पावसात लाकूड किती वेगानं कुजतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कळायचं तर प्रत्येक ओंडका आज कुठल्या वर्गात आहे हे रोज कळायला हवं. चाळीस हजार ओंडक्यांत रोज सुरी कोण घालत बसणार?

म्हणून टिकली आली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण रुपयाएवढी ती चकती ओंडक्याच्या कपाळाला चिकटवायची म्हटल्यावर वाड्यावरच्या बायकांनी तिला दुसरं काय म्हणावं? प्रत्येक ओंडक्याला दोन टिकल्या, दोन टोकांना. दर तासाला एक टिकली आतल्या सुईनं लाकडाला टिचकी मारते आणि दुसरी ती ऐकते. धडधाकट लाकडातून आवाज सेकंदाला चार हजार मीटरच्या पुढं पळतो. कुजलेल्या लाकडात धागे तुटलेले असतात, पोकळ्या असतात, तिथं तो रखडतो. जितका उशीर, तितका वरचा वर्ग. बिरूचा कोयता जे सांगायचा तेच, फक्त आकड्यांत.

उरलेला वेळ टिकली कान उघडा ठेवून असते. लाकूड पोखरणारी अळी, पाऊस, चोच मारणारा सुतारपक्षी, सगळं तिला ऐकू येतं. पण सगळा आवाज कोल्हापूरला पाठवायचा तर तिची मसुराएवढी बॅटरी दोन दिवसांत संपेल. म्हणून ती जागच्या जागी ठरवते, हा आवाज कुठल्या वर्गाचा, आणि फक्त वर्गाचा आकडा पाठवते. मूळ आवाज तिच्या पोटातच राहतो, कुणी यंत्र घेऊन जाऊन काढून घेईपर्यंत. एक ते पाच कुजीचे, सहा किड्यांचा, सात पक्ष्याप्राण्यांचा, आठ वारापावसाचा. आणि नऊ माणसाचा. कुऱ्हाड पडली, करवत लागली की वर्ग नऊ, आणि त्याच क्षणी वनरक्षक लाड यांच्या आणि वैजयंताच्या फोनवर सूचना.

इथवर सगळं झकास होतं. घोळ घातला तो बिरूनं.

आंबेघोलच्या धनगरवाड्यावर पडलेलं झाड कुणी तसंच ओलांडत नाही. आधी तीन ठोके मारायचे. एक झाडाला, एक झाडात राहणाऱ्याला, एक आपल्या पायाला. आत साप असला तर तो सरकतो, हा फायदा आहेच, पण तेवढ्यासाठी कुणी करत नाही. करायचं असतं म्हणून करतात. बिरू पाहणीच्या पट्ट्यात वनमजूर होता. वाटा साफ करायच्या, सुटलेल्या टिकल्या परत चिकटवायच्या. दिवसाला दोनशे ओंडके ओलांडायचा आणि दोनशे वेळा ठोकायचा. पहिल्याच आठवड्यात लाड चार वेळा घाट चढून धापा टाकत आले.

"मॅडम," ते वैजयंताला म्हणाले, "चोर धरायला म्हणून पळतो आणि दर वेळी तुमचे बंधू रामराम करतात. आवरा त्यांना."

तिनं सांगितलं, बिरूनं ऐकलं. दोन दिवस हात खिशात घालून फिरला. तिसऱ्या दिवशी एका ओंडक्यापुढं उभा राहिला तो उभाच.

"पाय उचलत न्हाई गं वैजे," संध्याकाळी तो फोनवर म्हणाला. "वलांडल्यागत न्हाई, लाथ मारल्यागत वाटतंय."

मग तिनं तोडगा काढला. त्याचे शंभरेक ठोके टिपून घेतले आणि टिकल्यांना शिकवले: कोयत्याची पाठ, सारख्या अंतरानं तीन ठोके, की तो वर्ग दहा. पुढं व्याख्येच्या रकान्यात तिनं एकच शब्द लिहिला. वगळा. वर्ग दहा पाठवायचा नाही, दाखवायचा नाही, मोजायचा नाही. चहा गार व्हायच्या आत काम झालं आणि लाडांचा घाट सुटला.

बिरूला मात्र तिनं 'वगळा' सांगितलं नाही. त्याचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि जीभ वळली नाही. ती म्हणाली, "आता बिनधास्त ठोक, दादा. माझं मशीन तुझा हात ओळखतं."

बिरूला मूठभर मांस चढलं. सगळ्या वाड्यावर सांगत सुटला. "हजारात वळखतंय म्हनं. वैजीनं शिकवलंय त्याला."

"बरं झालं," सारिकावहिनी, त्याची बायको, चुलीपुढनं म्हणाली. "मी वळखून काय उपेग हुता का?"

सगळे हसले. वैजयंताही हसली. खरं काय ते मग कधी सांगायचं राहूनच गेलं.

एक्केचाळीस साली, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, बिरू सकाळचा चहा घेऊन, फोन घरीच विसरून, बाहेर पडला आणि परत आला नाही.

आदल्या दिवशी त्याचं आणि वहिनीचं वाजलं होतं. गोव्यात हॉटेलात काम मिळतंय, जातो म्हणत होता. दोन वर्षांपूर्वी तो असाच कुणाला न सांगता गेला होता आणि चार महिन्यांनी उगवला होता. त्यामुळं वाड्याच्या मनात पहिलं गोवाच आलं. फाट्यावरनं बिरूसारखाच पिवळा रेनकोट घातलेला माणूस गाडीत बसला, असं कंडक्टरही म्हणाला. तरी लाडांनी माणसं जमवली. ओढा, दरी, जुन्या खाणीची वाट, सगळं पालथं घातलं. वैजयंता कोल्हापूरहून धावत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाडांनी तिला विचारलं, "पट्ट्यात उतरायचं का? झाडं एकावर एक पडलीयत. हीच माणसं तिकडं लावली तर खालची दरी राहते."

वैजयंतानं फोनवर पट्ट्याचा नकाशा उघडला. दोन दिवसांत वर्ग नऊ कुठंही नव्हता.

"तिकडं तो नाही," ती म्हणाली. "माणूस असता तर मला कळलं असतं."

तिला वर्ग दहा आठवला नाही का? हा प्रश्न पुढं तिनं स्वतःलाच किती वेळा विचारला त्याला गणती नाही. उत्तर अगदी साधं आहे आणि म्हणूनच ते गिळवत नाही. जे दिसत नाही, ते काही दिवसांनी मनातूनही जातं. आणि तिला वाटलं, अडकलेला माणूस फांदी तोडेल, दगड आपटेल, जमेल तसं बडवेल. यातलं काहीही केलं असतं तरी नऊ वाजला असता.

चौथ्या दिवशी सकाळी ती वहिनीसोबत उंबऱ्यापाशी चहा घेत बसली होती. वहिनी रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेली. फोन वाजला तशी तिच्या हातातली बशी हिंदकळली.

"कुनाचा गं?"

वैजयंतानं पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. ओंडका एकशे सत्तेचाळीस, वर्ग नऊ, दोन ठोके. दोनच. कुऱ्हाड दोनदा मारून कोण थांबतं?

"काही नाही वहिनी. जंगलातलं आहे. सुतारपक्षी असेल."

तिनं 'चुकीची सूचना' या बटणावर अंगठा ठेवला, तशी लाडांच्या फोनवरूनही ती पुसली गेली, आणि तिनं फोन पालथा घातला. वहिनीला आणखी अर्धा कप ओतून दिला.

दहा महिने गेले. वैजयंतानं बिरूचा फोटो घेऊन गोव्यात दोनदा माणूस पाठवला, एकदा स्वतः गेली. वहिनी कुंकू लावत होती आणि शिव्याही घालत होती. "यीऊ दे गोव्यातनं, तंगडंच मोडते." आषाढ लागला तशा शिव्या थांबल्या. तिनं त्याचं नाव घेणंच सोडलं. वैजयंताला शिव्या बऱ्या वाटल्या होत्या.

श्रावणात एके दिवशी डॉक्टर मणेरीकरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. या तिच्या वरिष्ठ. बाई कामाला वाघ, पण आकड्यात खोट निघाली की चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. आज चष्मा टेबलावर होता.

"सोमवारी तुझ्या व्याख्या आणखी अकरा जंगलांत जाणार आहेत," त्या म्हणाल्या, "आणि हा एकशे सत्तेचाळीस बघ. वरचं टोक वर्ग तीन. खालचं टोक चार ओलांडून पाचाकडं पळतंय. झाड एक, पाऊस एक, आणि कुजण्यात दुपटीचा फरक. तीन आणि चारमधली तुझी रेघ चुकलीय, वैजयंता."

"रेघ चुकली नसेल, मॅडम." तिनं आलेख जवळ ओढला. हा प्रश्न तिच्या आवडीचा होता. "लाकडात नत्र अगदी नावाला असतं. बुरशीपुढं ताट वाढलेलं, पण त्यात मीठच नाही, अशी तिची गत असते. म्हणून ती रेंगाळत खाते. पण ओंडक्याखाली एखादं जनावर मरून पडलं, तर त्याच्या अंगातलं नत्र तिला मिळतं आणि तेवढ्याच भागात ती सुसाट सुटते. भेकर असेल, नाहीतर रानडुक्कर. मी जाऊन बघते."

हे सगळं तिनं शांतपणे, शिकवल्यासारखं सांगितलं. तिला काहीही जाणवलं नाही. पुढं कितीतरी दिवस तिला त्याचीच शिसारी येत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती लाडांबरोबर पट्ट्यात उतरली. एकशे सत्तेचाळीस उतारावर आडवा पडला होता, खालच्या टोकाला छातीएवढं नेचं माजलेलं. ती गुडघ्यावर बसली, नेचं बाजूला केलं आणि यंत्र टिकलीला लावायला हात पुढं केला. हात तिथंच थांबला.

टिकली राळेनं चिकटवलेली होती. खात्याचा गोंद राखाडी असतो आणि सगळे तोच वापरतात. पावसात तो सुटतो म्हणून धुपाच्या झाडाची राळ चुलीवर पातळ करून लावणारा जगात एकच माणूस होता. ही टिकली गेल्या वर्षी पावसात मुकी झाली होती आणि दसऱ्यानंतर पुन्हा सुरू झाली होती. अशा रोज चाळीस टिकल्या बंद पडतात, चाळीस सुरू होतात. कोण लक्ष ठेवतं?

तिनं यंत्र टेकवलं. पोटातली यादी पडद्यावर आली, वगळलेल्या नोंदींसकट. वर्ग दहा, अकराशे चौसष्ट वेळा. पहिली नोंद दसऱ्यानंतरचा चौथा दिवस, सकाळी अकरा वीस.

"लाडसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही जरा खालच्या बाजूनं बघता का?" आणि तिनं यंत्र कानाला लावलं.

ठक, ठक, ठक. हात तिच्या ओळखीचा होता. तिला मशीनची गरज नव्हती. पहिल्या तासात दर मिनिटाला तीन. मग मोठी विश्रांती. कळलं असेल वैजीला, आता येतीलच, असं म्हणून तो थांबला असणार. मग पुन्हा तीन. दुपारी, तिन्हीसांजेला, उजाडता उजाडता. दुसऱ्या दिवशी ठोके हळू झाले, पण अंतर तेच, मोजून मापून सारखं. मशीनला ओळखू यावं म्हणून तो सांभाळून मारत होता. एकदा जरी चार मारले असते. एकदा जरी चिडून वेडेवाकडे बडवले असते. तीन दिवस त्या बाबानं एकदाही चूक केली नाही, कारण बहिणीनं त्याला सांगितलं होतं की माझं मशीन तुझा हात ओळखतं.

शेवटची नोंद वर्ग दहा नव्हती. ठक, ठक. मग नुसता पाऊस. सकाळी सहा दहा.

"मॅडम," खालून लाडांचा आवाज आला. "इकडं येऊ नका. नका येऊ." त्यांच्या हातात पिवळ्या रेनकोटाची बाही होती.

टिकली चिकटवून तो उठत असताना ओंडका हातभर घसरला होता आणि मांडीवर येऊन बसला होता. एवढंच. कोयता फिरवायला जागा नव्हती, पाठीनं टकटक करण्याएवढी होती.

आवाजाचं तिनं कुणाला सांगितलं नाही. तो यंत्रात होता, यंत्र तिच्या पिशवीत होतं आणि लाडांनी यादी पाहिली नव्हती. पंचनामा झाला, अस्थी आल्या. वहिनीपुढं बसून ती म्हणाली, "वरून ओंडका घसरला. लगेच गेला, वहिनी. त्याला कळलंसुद्धा नसेल."

वहिनी रडली. खूप रडली, पण त्या रडण्यात कुठंतरी सुटल्यासारखंही होतं. "म्हंजे गोव्याला न्हवता गेला," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मला टाकून न्हवता गेला. मी धा म्हयनं शिव्या घातल्या गं त्याला."

खोटं इथंच पचलं असतं. पण तेराव्याला वहिनी म्हणाली, मला ती जागा दाव. नाही म्हणायला तोंड नव्हतं. दोघी सकाळीच उतरल्या. वहिनीच्या हातात बिरूचा कोयता होता. एकशे सत्तेचाळीसपाशी आल्यावर तिनं पाठीनं तीन ठोके मारले, ओलांडून पलीकडं गेली आणि नेच्यात बसली. जिथं तो पडला होता तिथंच. मग तिनं हात ओंडक्यावर ठेवला आणि चाचपत नेला.

निजलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर लाकडात एक खड्डा होता. बाकीचं टोक भुसभुशीत झालेलं, पण चेचलेला तेवढा भाग काळा पडून घट्ट राहिला होता. वहिनीची तीन बोटं त्यात मावली. ती जन्मापासून जंगलात वाढलेली बाई. तिला व्याख्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"वैजे," ती म्हणाली, "ह्यो खड्डा एका दिसात पडत न्हाई."

वैजयंताचा हात खांद्यावरच्या पिशवीकडं गेला.

"किती दिस?"

"तीन. चौथ्या दिवशी सकाळपर्यंत." आणि मग तिनं सगळं सांगितलं. वर्ग दहा, 'वगळा', नकाशा, 'तिकडं तो नाही' म्हणाली ते. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

"हाय का ते तुज्याजवळ?" वहिनीनं विचारलं. "आयकव."

वैजयंतानं यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं. वहिनी डोळे मिटून ऐकत राहिली, ओठ मोजत होते. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. सगळं ऐकायला दिवस गेला असता. शेवटी ती म्हणाली, आखरीचं लाव. तिनं ते लावलं.

"दोनच?"

"दोनच."

"किती वाजता?"

"सकाळी सहा दहा."

वहिनीनं डोळे उघडले. तिच्याकडं बघत राहिली, आणि वैजयंताला कळलं की तिला आठवलं.

"आपण च्या पीत हुतो," वहिनी म्हणाली. "तुजा फोन वाजला. मी इचारलं, कुनाचा."

"हो."

"सुतारपक्षी म्हनलीस."

"हो, वहिनी."

वहिनी ओरडली असती, तोंडावर मारली असती, तर वैजयंतानं ते प्रसादासारखं घेतलं असतं. पण वहिनी उठली, कोयता उचलला, ओंडक्यावर तीनदा ठोकून ओलांडला आणि वर चढून गेली. त्यानंतर ती वैजयंताशी बोलली नाही. फोन उचलला नाही. दिवाळीला पाठवलेलं लुगडं परत आलं नाही, पण नेसलेलंही कुणी पाहिलं नाही.

व्याख्या काही त्या सोमवारी गेल्या नव्हत्या. रजेवरून आल्यावर वैजयंतानं त्या पुन्हा लिहायला घेतल्या. एक ते पाच तशाच ठेवल्या. दहापाशी थांबली आणि मग न थांबता लिहून टाकलं. मणेरीकरांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"अगं, पण रोज प्रत्येक गुराखी ठोकणार. रोज फोन वाजणार. दहातल्या दहा सूचना खोट्या निघतील."

"वाजू दे, मॅडम."

"वर्ग दहा काढूनच टाकू. नऊमध्ये घाल."

"नाही. तो वेगळाच राहू दे. नऊच्या सूचना कुणी कंटाळून कायमच्या बंद करू शकतो, दहाच्या बंद करता येऊ नयेत."

मणेरीकरांनी कागद पुन्हा पुढं ओढला. मग त्यांनी चष्मा लावला आणि सही केली. अकरा जंगलांत जे गेलं ते असं होतं. वर्ग दहा: तीन ठोके. माणूस आहे. ताबडतोब जा. खात्री करण्यासाठी थांबू नये, जाऊन खात्री करावी.

सूचना जवळच्या वस्तीतही कुणीतरी घ्यावी असं ठरलं. आंबेघोलच्या धनगरवाड्यावरून नाव आलं: सारिका बिरू झोरे. सोबत निरोप नव्हता. लाड सांगायचे, बाई दर वेळी उतरते. शेळीवाल्यांनी ठोकलं तरी, पोरांनी गंमत म्हणून ठोकलं तरी. एकदाही कुरकुर नाही. माणूस उभा आहे हे डोळ्यांनी बघते आणि परत फिरते.

बिरूला जाऊन दोन वर्षं झाली त्या दिवशी, दसऱ्यानंतर चौथ्या सकाळी, वैजयंता एकटी पट्ट्यात गेली. ऊन चांगलं पडलं होतं. एकशे सत्तेचाळीसचं खालचं टोक आता पाचात गेलं होतं. तिनं बोटानं टकटक केली, ते काहीच बोललं नाही. खड्डाही राहिला नव्हता. वरचं टोक तेवढं अजून लाकूड होतं. तिला तिथून ओलांडून पलीकडं, त्याच्या जागेपाशी जायचं होतं. तिनं पाय उचलायला घेतला आणि तो उचलेना.

लहानपणापासूनची सवय शहरात राहून सुटली होती. तिनं एक दगड घेतला. थप, थप, थप.

खिशात फोन वाजला. तिनं काढून पाहिला. ओंडका एकशे सत्तेचाळीस, वर्ग दहा. माणूस आहे. ताबडतोब जा. खाली तेच जुनं बटण, 'चुकीची सूचना'. अंगठा सवयीनं तिकडं गेला आणि तिनं तो मागं घेतला. ती ओंडक्याला टेकून खाली बसली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. फोन पुन्हा वाजला. या वेळी सूचना नव्हती.

"कोन हाय तिथं?" वहिनीचा आवाज. वर्षभरात तिनं तो ऐकला नव्हता.

"मी आहे, वहिनी."

वैजयंताला वाटलं, आता ती फोन ठेवणार.

"लागलंय का?" वहिनीनं विचारलं.

नाही, चुकून वाजला, असं ती म्हणणार होती. तोंडात शब्द तयार होता.

"व्हय," ती म्हणाली. "लागलंय."

खुंटीवरचा कोयता काढल्याचा आवाज आला. मग कडी.

"हलू नगंस," वहिनी म्हणाली. "निघाले मी. ठोकत ऱ्हा."

वैजयंतानं फोन बाजूला ठेवला आणि दगड उचलला.